पाण्याला मानवणारे रंग

मुंबईत शोभेचे मासे कुठे मिळतात असं विचारलं की दोन नावं लगेच पुढे येतात: क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ला. क्रॉफर्ड मार्केटला माणूस दहा कामं घेऊन जातो आणि जाता जाता मासेही बघून येतो. कुर्ल्याला तो माशांसाठीच येतो. मध्य आणि हार्बर, दोन्ही मार्गांच्या गाड्या इथे थांबतात. त्यामुळे गोवंडी-चेंबूरकरांपासून घाटकोपर-मुलुंडकरांपर्यंत सगळ्यांना हे सोयीचं, आणि सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता झाल्यापासून सांताक्रूझकरांनाही. पश्चिमेला उतरून रिक्षांच्या गराड्यातून वाट काढली की पुढे दुकानांत भिंतभर एकावर एक रचलेल्या टाक्या दिसतात. दारात हुकांना टांगलेल्या ऑक्सिजन भरलेल्या फुगीर पिशव्या, एअरपंपांची अखंड घरघर आणि ओल्या लाद्या. हा बराचसा माल चेन्नईतल्या कोळत्तूरहून आणि कोलकात्याकडून थर्माकोलच्या खोक्यांतून येतो. काही मुंबईच्या आसपास, कुणाच्या गच्चीवर किंवा परसातल्या हौदात वाढलेला असतो.

गिऱ्हाईक दुकानात शिरतं आणि बोट दाखवतं. तो निळा, तो लाल, त्या पट्ट्यावाल्यांची एक जोडी. दुकानदार जाळी बुडवतो, पिशवीला रबर बसतं, व्यवहार पाच मिनिटांत संपतो. माझं म्हणणं एवढंच आहे की बोट सगळ्यात शेवटी उचलावं. छोटा रंगीत मासा निवडताना रंग हा शेवटचा प्रश्न. आधीचे प्रश्न दोन: हा मासा मोठा झाल्यावर केवढा होणार, आणि आपल्या नळाला येणारं पाणी त्याला मानवणार का?

पहिला प्रश्न सोपा वाटतो, पण गिऱ्हाईक सर्वांत जास्त फसतं ते तिथेच. दुकानातला जवळजवळ प्रत्येक मासा छोटा असतो, कारण तो पिल्लू असतो. चंदेरी अंगाचा, शार्कसारखा पंख उभारून टाकीभर येरझारा घालणारा बोटभर ‘टायगर शार्क’ लहान मुलांना हमखास आवडतो. हा शार्क नव्हे, पंगस. मेकाँग आणि चाओ फ्राया नद्यांतला हा मासा पूर्ण वाढला की मीटरभर लांब होतो. हॉटेलच्या मेनूकार्डावर बासा म्हणून जे खपतं, ते आपल्याकडे बहुतेक वेळा याच माशाचं मांस असतं. म्हणजे एकाच रस्त्यावर एका दुकानात तो दिवाणखान्याची शोभा म्हणून विकला जातो आणि दोन दुकानं सोडून तव्यावर पडतो. काचा साफ करतो म्हणून घेतलेला सकर दीड फुटाच्या आसपास जातो. ऑस्कर फूटभर. गोल्डफिश तर सगळ्यांचा लाडका, पण तो वीतभर वाढतो आणि घाण इतकी करतो की दोन फुटी टाकीत एकटाही जड होतो. काचेच्या गोल भांड्यात त्याला ठेवण्याची रीत चित्रपटांनी रुजवली. त्या भांड्यात तो जगत नाही, सावकाश मरतो. फेंगशुईवाले आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश ठेवायला सांगतात. नऊ गोल्डफिश नीट ठेवायचे तर त्या सल्ल्यासोबत एक जादा खोलीही द्यायला हवी.

पूर्ण वाढूनही छोटेच राहणारे मासे वेगळे. निऑन टेट्रा साडेतीन-चार सेंटिमीटर. झेब्रा, हार्लेक्विन रासबोरा, चेरी बार्ब, हनी गौरामी हे सगळे चार-पाचच्या घरात. गप्पीचा नर तीन, त्याचा चुलतभाऊ एंडलर त्याहूनही कमी. कुर्ल्यातल्या पुनर्वसनाच्या इमारतीत घर तीनशे चौरस फुटांचं असतं. तिथे दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी म्हणजे चैनच. अशी टाकी काठोकाठ भरली तर छप्पन लिटर पाणी, म्हणजे तितकेच किलो, वर काच आणि वाळू धरली तर सत्तरच्या पुढे वजन. ती टीव्हीच्या काचेच्या स्टँडवर ठेवू नये, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. एवढ्या पाण्यात पंधरा-वीस छोटे मासे सुखाने राहतात. पंगस एकही राहत नाही.

आता रंगाबद्दल, कारण शेवटी माणूस त्यासाठीच येतो.

माशाच्या अंगावरचे सगळे रंग एका वाटेने येत नाहीत. निऑन टेट्राच्या अंगावर जो निळा पट्टा झळकतो, त्यात निळं रंगद्रव्य नसतंच. त्वचेतल्या पेशींमध्ये ग्वानिनच्या अतिसूक्ष्म स्फटिकांचे थर असतात. त्यांच्यावरून प्रकाश परततो, आणि थरांमध्ये जितकं अंतर तसा तो निळा किंवा हिरवट दिसतो. अंधार झाला की हे अंतर बदलतं आणि पट्टा विझल्यासारखा होतो. मध्यरात्री पाणी प्यायला उठून कुणी टाकीचा दिवा लावला तर निऑन फिक्कट, मेल्यासारखे दिसतात. नवखा माणूस घाबरतो. थोडा वेळ थांबलं की रंग परत चढतो. १९३०च्या दशकात अ‍ॅमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातून हा मासा पहिल्यांदा बाहेर आला. १९३६ साली जॉर्ज मायर्स यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि अमेरिकेतले मत्स्यालय-मासिकाचे संपादक विल्यम इनेस यांचं नाव त्याला दिलं. आज बाजारात येणारे बहुतेक सगळे निऑन आशियातल्या पैदासकेंद्रांत जन्मलेले असतात, अ‍ॅमेझॉन त्यांच्या कित्येक पिढ्यांनी पाहिलेली नाही.

लाल-केशरी रंगाची गोष्ट अगदी निराळी. तो कॅरोटिनॉइड द्रव्यांचा, आणि मासा ती स्वतः तयार करू शकत नाही. शेवाळ, अळ्या, बारीक कोळंबीसारखे जीव यांतून ती पोटात जावी लागतात. म्हणून वर्षभर एकाच डब्यातलं कोरडं खाद्य घातलं की चेरी बार्ब विटकरी होतो आणि गप्पीच्या शेपटीवरचं केशर उतरतं. याला औषध नाही, जेवण बदलावं लागतं.

तिसरी वाट भीतीची. जॉन एंडलर या जीवशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात त्रिनिदादच्या ओढ्यांमधल्या गप्पींचा अभ्यास केला. जिथे शिकारी मासे फार, तिथले नर बेताच्या रंगाचे. जिथे शिकारी कमी, तिथले नर भडक ठिपक्यांचे. त्याने धोक्याच्या ओढ्यातले गप्पी सुरक्षित ओढ्यात सोडले आणि दोनेक वर्षांत त्यांच्या वंशातले नर रंगीत होत गेले. माद्यांना भडक नर आवडतो, शिकाऱ्यालाही तोच आधी दिसतो, आणि या दोघांच्या ओढाताणीत गप्पीचा रंग ठरतो. हे पिढ्यांचं झालं. पण एका माशाच्या आयुष्यातही भीती रंग उडवते. दुकानाच्या उघड्या, पांढऱ्या तळाच्या, शंभर माशांनी कोंबलेल्या टाकीत चेरी बार्बचा नर मातकट दिसतो. तोच घरी काळसर वाळूवर, झाडांच्या आडोशाला, शेजारी दांडगा मासा नसताना, महिन्याभरात पिकल्या चेरीसारखा होतो. म्हणजे दुकानात फिका दिसणारा मासा नाकारणं ही बऱ्याचदा नुकसानीची निवड असते.

याच्या उलट जे दुकानात डोळे दिपवतात, त्यांच्याकडे जरा संशयाने पाहावं. चांदा हा आपल्याच नद्या-तळ्यांतला काचेसारखा आरपार दिसणारा मासा. त्याला सुईने गुलाबी, हिरवा, निळा रंग टोचून ‘रंगीत काचमासा’ म्हणून विकण्याचा धंदा आशियात अनेक वर्षं चालला. टोचताना बरेच मरतात, जगलेल्यांचा रंग काही महिन्यांत उतरतो. संप्रेरकं घातलेलं खाद्य देऊन मादीलासुद्धा नराचे रंग चढवता येतात, तेही घरी आल्यावर ओसरतात. आणि अंधारात जांभळ्या दिव्याखाली पेटल्यासारखे दिसणारे मासे जनुकीय बदलाचे. सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी झेब्रा माशात जेलीफिशचं चमकणारं जनुक घातलं ते प्रदूषण ओळखण्याच्या कल्पनेने. २००३च्या शेवटी त्याचा व्यापार अमेरिकेत सुरू झाला. आपल्याकडे असे सजीव आणणं आणि विकणं १९८९च्या नियमांनुसार सरकारी परवानगीशिवाय चालत नाही. तरी बाजारात ते दिसतात. गिऱ्हाइकाला याची कल्पना नसते, आणि त्याला ती कुणी देतही नाही.

मासा घेताना रंगापेक्षा चाल बघावी. पंख मोकळे पसरलेले की अंगाला चिकटलेले, पोट खपाटीला गेलेलं आहे का, कल्ले धापा टाकल्यासारखे हलतात का, अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आहेत का. त्याच टाकीत एक जरी मेलेला मासा तरंगत असेल तर बाकीचे कितीही देखणे असोत, सोडून द्यावेत. आणि दुकानदाराला थोडं खाद्य टाकायला सांगावं. खाण्यावर झडप घालणारा मासा घ्यावा. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही.

आता दुसरा प्रश्न, पाण्याचा. कुर्ल्याचं पाणी येतं कुठून? तुळशी आणि विहार हे तलाव शहराच्या हद्दीत. तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा पलीकडे ठाणे-नाशिकच्या डोंगरांत. तानसाची जलवाहिनी तर कुर्ल्यातूनच पुढे जाते. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर पडलेलं हे पावसाचं पाणी. त्यात क्षार कमी, म्हणजे ते मृदू. साबणाला भरपूर फेस येतो, गीझरमध्ये पांढरा थर सहसा धरत नाही. मुंबईकराला याचं काही वाटत नाही, पण माशांच्या दृष्टीने ही या शहराची सगळ्यात मोठी गोष्ट आहे. अ‍ॅमेझॉनचे टेट्रा, आग्नेय आशियातले रासबोरा, बंगाल-आसामकडच्या गौरामी यांना असंच पाणी लागतं. दिल्लीचा किंवा राजस्थानचा शौकीन जे मिळवण्यासाठी पाणी शुद्ध करण्याची यंत्रं लावतो, ते कुर्ल्यात नळ सोडला की मिळतं.

उलट गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल ही पिल्लं घालणारी मंडळी जड पाण्याची. ‘सुरुवातीला गप्पी घ्या, मरत नाहीत’ हा सल्ला देशभर दिला जातो. मुंबईच्या पाण्यात मॉली पंख आवळून, जागच्या जागी डोलत राहते आणि एक दिवस जाते, आणि घरच्यांना वाटतं आपल्या हाताला मासे लाभत नाहीत. हाताचा काही संबंध नसतो. फिल्टरमध्ये मूठभर कुटलेले शिंपले किंवा प्रवाळाचे तुकडे ठेवले तर पाणी हळूहळू जड होतं आणि मॉली सुधारते. ज्या सोसायट्यांत बोअरिंगचं किंवा टँकरचं पाणी मिसळतात, तिथे गणित पुन्हा उलटं. म्हणून शेजारच्या विंगमधल्या माणसाचा अनुभवही आपल्याला लागू पडेल असं नाही.

क्लोरीन ही दुसरी गोष्ट. भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रातून निघालेल्या पाण्यात तो असतोच, असायलाच हवा. पावसाळ्यात त्याचा वास जास्त जाणवतो. पहाटे ठरावीक वेळेला चाळीत थेट नळातून पडणारं पाणी तसंच टाकीत ओतलं तर माशांचे कल्ले भाजतात. मात्र ज्या घरात पिंपात पाणी साठवून वापरण्याची सवय आहे, तिथे ही अडचण आपोआप निम्मी होते. उघड्या पिंपात दिवसभर राहिलेल्या पाण्यातला बराच क्लोरीन उडून जातो. बाकी कामाला अँटीक्लोरीन, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, कुठल्याही दुकानात मिळतं.

तिसरी आणि कठीण गोष्ट उकाडा. एप्रिल-मेमध्ये कुर्ल्यातल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत टाकीचं पाणी तीस अंशांच्या पुढे जातं. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो आणि माशाची गरज मात्र वाढते. निऑन टेट्राला एकवीस ते पंचवीस अंश सुखाचे. म्हणजे पाण्याचा मऊपणा त्याला पटतो, पण त्याची ऊब पटत नाही. जानेवारीत घेतलेले निऑन मे महिन्यात एकेक करून कमी होतात, ते यामुळे. त्याच्यासारखाच दिसणारा, पोटाची लाली डोक्यापासून शेपटीपर्यंत असलेला कार्डिनल टेट्रा रिओ निग्रोच्या ऊबदार पाण्यातला आहे, तो अठ्ठावीस अंश सहज काढतो. थोडा महाग असतो, पण मुंबईत निऑनऐवजी कार्डिनल घेणं केव्हाही शहाणपणाचं. २००६ साली म्यानमारच्या डोंगरात सापडलेला गॅलेक्सी रासबोरा, निळ्या अंगावर मोत्यांचे ठिपके, लाल पंख, छायाचित्रात वेड लावतो. तो थंड डोंगराळ डबक्यांतला. एसी चोवीस तास चालणार नसेल तर त्याला बघून नमस्कार करावा. टाकीवर छोटा पंखा लावून पाणी थंड करायची युक्ती पुण्यात चांगली चालते, कारण तिथली हवा कोरडी. मुंबईच्या दमट हवेत बाष्पीभवनच मंद, त्यामुळे तिचा उपयोग निम्माही होत नाही.

या सगळ्याआधी टाकी तयार व्हावी लागते, आणि इथे बहुतेकांचा धीर सुटतो. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. तो विषारी. एका जातीचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते पुष्कळ सौम्य, पाणी बदललं की निघून जातं. हे जीवाणू फिल्टरच्या स्पंजावर आणि वाळूत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. टाकी, वाळू, प्लास्टिकचा किल्ला आणि बारा मासे एकाच संध्याकाळी घरी नेले तर दहाव्या दिवसापर्यंत निम्मे मेलेले असतात. कुणा ओळखीच्याच्या जुन्या, निरोगी टाकीतला मळका स्पंज मागून आणावा आणि आपल्या फिल्टरमध्ये घालावा. दह्याला विरजण लागतं तसंच हे. तो स्पंज नळाच्या पाण्याखाली धुऊन स्वच्छ करू नये, क्लोरीनने सगळं मरतं.

गप्पीला मी वर थोडं बाजूला सारलं, पण या शहरात त्याची एक वेगळी नोकरी आहे. मुंबईच्या हिवतापाचं मूळ शोधताना डॉ. बेंटली यांच्या १९११च्या अहवालाने घरोघरच्या विहिरींवर बोट ठेवलं होतं. विहिरी बुजवा म्हटल्यावर, विशेषतः पारशी समाजातून, धार्मिक श्रद्धेपोटी मोठा विरोध झाला. डासांच्या अळ्या खाणारे मासे हा त्या काळापासूनचा उपाय. गप्पी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच भारतात आणला गेला, गॅम्बुशिया १९२८ साली. आजही महापालिकेचा कीटकनाशक विभाग विहिरी, कारंजी, साठलेल्या पाण्याचे हौद यांत गप्पी सोडतो. त्यामुळे तो मुंबईच्या गटारांतही सापडतो, अगदी काळ्या पाण्यात. गंमत अशी की गटारात टिकणारा हा गावरान गप्पी आणि दुकानातला पंख्यासारख्या शेपटीचा, नाव लावलेला गप्पी हे एकाच जातीचे असूनही चिवटपणात त्यांची बरोबरी होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या शेपटीसाठी निवड झाली की बाकीचं काहीतरी सुटतंच. नवशिक्याला गप्पीच हवा असेल तर साधा, आखूड शेपटीचा घ्यावा, किंवा एंडलर. एका नराला दोन-तीन माद्या, नाहीतर नर मादीला पळवून पळवून मारतो. आणि हे लक्षात ठेवावं की मादी नराचं बीज काही महिने साठवून ठेवू शकते. नुसती मादी घेतली तरी महिन्याकाठी पिल्लं होत राहतात.

मग कुर्ल्याच्या पाण्यात, दोन फुटी टाकीत, पहिल्यांदा कोणते मासे? मी झेब्रापासून सुरुवात करेन. तो दुकानात सगळ्यात स्वस्तांपैकी एक, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. निळ्या-सोनेरी आडव्या पट्ट्यांचा हा मासा भारतातलाच. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या माशांवरच्या १८२२च्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्याच्यावर संशोधन चालतं, कारण त्याचा गर्भ पारदर्शक असतो आणि अवयव बनताना डोळ्यांनी दिसतात. उन्हाळा-हिवाळा दोन्ही सोसतो. सहा-आठांचा जथा लागतो, दोन घेतले तर एक दुसऱ्याला छळतो. त्यांच्याबरोबर हनी गौरामीची जोडी, मधाच्या रंगाची, शांत, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या पट्ट्यातली. गौरामी वर येऊन हवेतला श्वास घेते, त्यामुळे मे महिन्यातही तिचं भागतं. तिची बहीण ड्वार्फ गौरामी रंगाने अधिक भारी, निळ्या-लाल तिरक्या रेघांची, पण व्यापारी पैदाशीत तिला एका विषाणूने ग्रासलं आहे, आणि आणल्यावर काही आठवड्यांत ती मेल्याच्या तक्रारी जगभर आहेत. खाली वाळू हुंगत फिरायला पाच-सहा कोरिडोरस, त्यातही उकाडा सोसणारा स्टर्बाय जातीचा. एवढं पुरे. टायगर बार्ब देखणा खरा, पण लांब पंखांच्या कुणालाही तो कुरतडतो. फायटरला गप्पींसोबत ठेवू नये, त्यांची शेपूट त्याला दुसरा फायटर वाटते. प्रत्येक रंगाचा एकेक घेऊन टाकी इंद्रधनुष्यासारखी करायचा मोह सगळ्यांना होतो. जथ्यात राहणारा मासा एकटा पडला की कोपरा धरतो आणि त्याचा रंग पहिल्या आठवड्यातच जातो.

ही सगळी निवड करताना एक गोष्ट मला खटकत राहते. कुर्ल्याच्या टाक्यांत ब्राझील आहे, थायलंड आहे, मेक्सिको आहे. सह्याद्री जवळजवळ नाही. आणि सह्याद्रीचे ओढे छोट्या रंगीत माशांनी भरलेले आहेत, किंवा होते.

त्यांतल्या एका माशाचा धागा मुंबईशीच जुळतो. या शहराला शोभेच्या माशांचं वेड लावलं ते मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयाने. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ते उघडलं. ज्यांच्या देणगीतून ते उभं राहिलं त्या पारशी दात्याचं नाव त्याला मिळालं. मुंबईच्या शाळांच्या सहली पिढ्यान्‌पिढ्या तिथे गेल्या. २०१५ साली नूतनीकरण होऊन ते पुन्हा सुरू झालं, काचबोगदाही आला, आणि करोनाच्या काळात जे बंद झालं ते पुन्हा उघडलं नाही, इमारतच धोकादायक ठरली. या मत्स्यालयाचे अभिरक्षक राहिलेले डॉ. बोमन छापगर यांनी एस. आर. साने यांच्यासोबत १९९२ साली गोव्यातल्या एका नव्या, इवल्या माशाचं वर्णन केलं. खवलीच्या, म्हणजे बार्बच्या, गोतातला, निळसर झाक आणि अंगावर काळे डाग असलेला. मुंबई राज्याचे मत्स्यव्यवसाय संचालक डॉ. सेटना यांचं नाव त्यांनी त्याला दिलं: पेथिया सेत्नाई. जगातले शौकीन त्याला इंडिगो बार्ब म्हणतात. मुंबईच्या मत्स्यालयाच्या माणसाने ओळख करून दिलेला, कोकण-गोव्याच्या मृदू, उबदार पाण्यातला हा मासा मुंबईच्या टाकीला सर्वार्थाने शोभला असता. पण त्याची नोंद आता संकटाच्या वाटेवर असलेल्या जातींमध्ये आहे, आणि ओढ्यातून पकडून आणलेला तो कुणी विकत असेल तर घेऊ नये.

कारण दक्षिणेत काय झालं ते आपल्यासमोर आहे. केरळच्या डोंगरी नद्यांतला, लाल-काळ्या पट्ट्याचा डेनिसन बार्ब, तिकडे ‘मिस केरळ’ म्हणून ओळखला जाणारा. फ्रान्सिस डे यांनी १८६५ साली त्याचं वर्णन केलं. १९९७ साली सिंगापूरच्या अ‍ॅक्वारामा प्रदर्शनात त्याला नव्या जातींमध्ये तिसरं बक्षीस मिळालं आणि जगभरातून मागणी सुरू झाली. नद्यांतून तो लाखोंनी उचलला गेला. संख्या घटली, केरळ सरकारने बंधनं घातली, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२च्या दुरुस्तीत तो पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत गेला. तोवर त्याची पैदास आग्नेय आशियातल्या केंद्रांत सुरूही झाली होती. आपला मासा, परक्याचा धंदा.

महाराष्ट्रात उलट दिशेने एक पाऊल पडलं. आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या उगमाशी, मंदिरापुढच्या कुंडात एका नव्या छोट्या माशाचं २०२० साली वर्णन झालं. प्रवीणराज जयसिंहन, तेजस ठाकरे आणि शंकर बालसुब्रमण्यन यांनी त्याला शिस्टुरा हिरण्यकेशी हे नाव दिलं. वाळू-दगडांत वावरणारा, देखण्या रंगाचा. दुसऱ्याच वर्षी राज्य सरकारने ते कुंड आणि भोवतालचा परिसर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केला. छायाचित्रं पसरली की मागणी येते, आणि मागणी आली की जाळी घेऊन माणसं येतात, हे डेनिसनने शिकवलं होतं. इथे कायदा निदान आधी पोचला.

बंदीबरोबर पैदासही हवी. रत्नागिरीत झाडगावला कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, तिथे शोभिवंत माशांचं प्रशिक्षण मिळतं. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था १९६१पासून आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मत्स्यसंगोपनासाठी तीन लाखांचा प्रकल्पखर्च धरून चाळीस टक्के, आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना साठ टक्के अनुदानाची तरतूद झाली. या पैशातून उभ्या राहणाऱ्या हौदांत गप्पी, मॉली, गोल्डफिश वाढवणं सोपं, कारण त्यांना ठरलेलं गिऱ्हाईक आहे. सह्याद्रीच्या एखाद्या खवलीची पैदास करून ती कायद्याने, नोंद ठेवून कुर्ल्याच्या बाजारात आणायची तर कुणीतरी पहिली दोन-तीन वर्षं तोट्यात काढायला हवीत. आणि गिऱ्हाइकानेही दुकानात तिचं नाव घेऊन विचारायला हवं. न विचारलेला मासा दुकानदार ठेवत नाही.

राहिला प्रश्न नको झालेल्या माशांचा. घर बदललं, परीक्षा आल्या, सकर टाकीपेक्षा मोठा झाला की माणूस दयाबुद्धीने बादली घेऊन पवईला जातो किंवा जवळच्या तलावाशी. पूर्वी कुर्ल्यात मिठी नदीचाही पर्याय होता, आता तिच्यात मासा सोडणं ही दयाही उरली नाही. उजनी धरणातल्या मच्छीमारांच्या जाळ्यांत आज जो काटेरी चिलखताचा सकर येतो, जाळी फाडतो आणि ज्याला बाजारात कुणी विचारत नाही, तो दक्षिण अमेरिकेतून स्वतः पोहत आलेला नाही. कुर्ल्यात मासा घेतानाच दुकानदाराला विचारून ठेवावं की मोठा झाल्यावर परत घेणार का. काही जण घेतात, बदल्यात खाद्याचा डबा देतात. जो घेत नाही म्हणाला, त्याच्याकडून सकर घेऊ नये. काचेवरचं शेवाळ जुन्या एटीएम कार्डाने खरवडून निघतं.